तेल आणि पाण्याचा मेळ : औषधी इमल्शनवरील वाचकांचे प्रश्न

एकमेकांत न विरघळणाऱ्या दोन द्रवांपैकी एक दुसऱ्यात बारीक थेंबांच्या रूपाने पसरला आणि तसाच टिकला, की ते इमल्शन. पुस्तकी मराठीत याला ‘पायस’ म्हणतात. आम्ही प्रयोगशाळेत आणि औषधाच्या दुकानात रुळलेला शब्दच वापरला आहे. या विषयावर आलेल्या पत्रांतले सात प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : ड्राय गम पद्धतीने (डिंक आधी तेलात घोटून) एरंडेल तेलाचे ३० मिली इमल्शन करायचे होते, त्यात तेल ८ मिली. तीनदा केले, तिन्ही वेळा प्रायमरी इमल्शन (पातळ करण्याआधीचे दाट, मूळ इमल्शन) जमलेच नाही. खलात पातळ, तेलकट, पिवळट मिश्रण राहते. प्रमाण बरोबर घेऊनही असे का होते? (डी.फार्म. प्रथम वर्षाची विद्यार्थिनी, बारामती)

उत्तर : आधी प्रमाण पुन्हा तपासू. एरंडेल हे स्थिर, म्हणजे न उडणारे तेल, म्हणून तेल, पाणी आणि डिंक ४:२:१. तुमच्यासाठी तेल ८ मिली, पाणी ४ मिली, बाभळीच्या डिंकाची पूड २ ग्रॅम. यातले ४ मिली पाणी फक्त प्रायमरी इमल्शनसाठी आहे. उरलेले पाणी नंतर, ३० मिलीपर्यंत भर घालताना लागते.

आता चुका कुठे होतात ते पाहू. पहिली म्हणजे ओलावा. खल, बत्ता आणि तेल मोजायचा सिलिंडर, तिन्ही कोरडे ठणठणीत हवेत. खलात दोन थेंब पाणी राहिले असेल तर डिंक तिथेच भिजतो, त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्यांतला डिंक पुढे कामाला येत नाही. दुसरी चूक एरंडेलाच्या दाटपणामुळे होते. सिलिंडर उलटा केला आणि लगेच बाजूला ठेवला, तर आतल्या भिंतीला बरेच तेल चिकटून राहते. मग खलात ८ मिली पडतच नाही आणि ४:२:१ हे प्रमाण कागदावरच राहते. सिलिंडर उलटा धरून तेल पूर्ण निथळू द्या.

तिसरी चूक सगळ्यात जास्त दिसते : पाणी थेंबथेंब घालणे. डिंकाची पूड तेलात घोटायची ती विरघळावी म्हणून नव्हे, तेलात डिंक विरघळतच नाही. प्रत्येक कणाभोवती तेलाचे आवरण बसावे आणि पाणी आल्यावर कण एकमेकांना चिकटू नयेत, एवढाच हेतू. म्हणून हलक्या हाताने अर्धा-एक मिनिट पुरे. त्यानंतर मोजून ठेवलेले ४ मिली पाणी एकदम ओतायचे आणि त्या क्षणापासून न थांबता, एकाच दिशेने, भराभर घोटायचे. पाणी थोडे थोडे पडले तर सुरुवातीला खलात तेल भरपूर आणि पाणी नाममात्र असते. तेव्हा तेल बाहेर आणि पाणी आत अशी उलटी मांडणी होऊ लागते. तुमचे पातळ, तेलकट, पिवळट मिश्रण बहुधा हेच सांगते आहे.

बरोबर जमले तर एक-दोन मिनिटांत मिश्रण दाट होते, पांढरे पडते आणि बत्ता फिरताना टकटक असा चिकट आवाज येतो. पांढरेपणा म्हणजे थेंब बारीक झाल्याची खूण, कारण बारीक थेंब प्रकाश चहूकडे विखुरतात. आवाज आला म्हणून लगेच पाणी ओतू नका, आणखी दोन-तीन मिनिटे घोटा. मग पाणी थोडे थोडे घालत पातळ करा. क्षार किंवा इतर विद्राव्य औषधे असतील तर ती पाण्यात विरघळवून या टप्प्यावर घालायची. टिंक्चरसारखे अल्कोहोल असलेले घटक अगदी शेवटी, पाण्यात सौम्य करून, हळूहळू घालायचे. तीव्र अल्कोहोल एकदम पडले तर डिंक पाण्यातून बाहेर निघतो आणि जमलेले इमल्शन फुटते.

खलाचाही विचार करा. चिनी मातीचा, तळ सपाट आणि आतून किंचित खरखरीत असा खल घ्या. बत्त्याचे डोकेही सपाट असावे. गुळगुळीत काचेच्या खलात घर्षण पुरेसे होत नाही. प्रायमरी इमल्शन एकदा फुटले की वरून आणखी डिंक टाकून ते सुधारत नाही. कोरडा खल घेऊन पहिल्यापासून सुरुवात करणे हाच कमी वेळाचा मार्ग.

प्रश्न : लिक्विड पॅराफिनला ३:२:१ आणि टर्पेंटाइनसारख्या उडनशील तेलांना २:२:१ असे वेगळे प्रमाण का? (बी.फार्म.चा विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : उडनशील तेले पातळ असतात. त्यांचे थेंब एकमेकांवर आदळले की सहज एक होतात, म्हणून प्रत्येक थेंबाभोवती जाड कवच लागते, म्हणजे स्थिर तेलांच्या दुप्पट डिंक. लिक्विड पॅराफिन या दोन प्रकारांच्या मधले. ते खनिज तेल आहे. वनस्पती तेलांत पाण्याशी थोडीफार ओढ असलेले गट असतात, तसे त्यात काहीच नसते. शिवाय ते पाण्यापेक्षा बरेच हलके, त्यामुळे वर चढण्याची घाईही जास्त. ४:२:१ ने पॅराफिन करून पाहणाऱ्यांचे इमल्शन तासाभरात तेल सोडते, ते यामुळे.

प्रश्न : साबण किंवा डिंक तेलाला पाण्यात धरून ठेवतो म्हणजे नेमके काय करतो? आणि सगळ्या इमल्शनांना एकच पदार्थ का चालत नाही? (निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : एक हिशेब करून पाहू. १ मिली तेलाचा एकच गोल थेंब केला तर त्याचा पृष्ठभाग सुमारे ४.८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढा. त्याच १ मिलीचे १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचे थेंब केले की एकूण पृष्ठभाग ६ चौरस मीटर होतो, म्हणजे एखाद्या लहान खोलीची जमीन. साडेबारा हजार पटींच्या आसपास वाढ. तेल आणि पाणी यांच्या सीमेवर ताण असतो, त्यामुळे एवढी सीमा निर्माण करायला ऊर्जा लागते आणि संधी मिळताच थेंब एकत्र येऊन ती सीमा कमी करू पाहतात. नुसते हलवून बनवलेले तेल-पाणी मिनिटभरात वेगळे होते, ते याच ओढीने.

इमल्सिफायर, म्हणजे इमल्शन टिकवणारा पदार्थ, ही ओढ दोन प्रकारे रोखतो. एक, तो सीमेवर जाऊन बसतो आणि ताण कमी करतो. साबणाच्या रेणूला एक पाण्याकडे वळणारे डोके आणि एक तेलात शिरणारी लांब शेपटी असते, म्हणून त्याची जागा सीमेवरच. दोन, आणि टिकण्यासाठी हेच अधिक मोलाचे, तो थेंबाभोवती कवच तयार करतो. साबण आणि ट्वीनसारख्या (पाण्यात विरघळणारा कृत्रिम इमल्सिफायर) पदार्थांचे कवच एकाच रेणूच्या जाडीचे असते. डिंक आणि जिलेटिन ताण फारसा कमी करत नाहीत, पण त्यांचे लांब रेणू थरावर थर देऊन जाड, लवचिक पडदा बनवतात. तिसरा प्रकार बारीक घन कणांचा. बेंटोनाइट ही माती किंवा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड यांचे कण थेंबाभोवती गर्दी करून उभे राहतात. बद्धकोष्ठासाठी दिल्या जाणाऱ्या पांढऱ्या पॅराफिन-मॅग्नेशियाच्या औषधात मॅग्नेशिया स्वतः औषध तर असतेच, शिवाय पॅराफिनचे थेंब धरून ठेवायलाही मदत करते.

याशिवाय विद्युतभार. सोडियम किंवा पोटॅशियमच्या साबणाने वेढलेल्या थेंबांवर ऋण भार असतो आणि सारखे भार एकमेकांना दूर ठेवतात.

एकच पदार्थ सगळीकडे का चालत नाही, याचे उत्तर बँक्रॉफ्टच्या नियमात आहे : इमल्सिफायर ज्या द्रवात जास्त विरघळतो, तो द्रव बाहेरचा होतो. पाण्यात विरघळणारा डिंक घेतला की पाणी बाहेर, तेल आत. तेलात विरघळणारा स्पॅन ८० घेतला की तेल बाहेर. पोटात घ्यायच्या इमल्शनात पाणी बाहेर हवे, कारण त्यामुळे तेलाची चव जिभेला कमी लागते आणि घोट सहज उतरतो. त्वचेवर आच्छादन हवे असेल तर तेल बाहेर.

कोणता प्रकार बनला आहे ते ओळखणे सोपे. थेंबभर इमल्शन पाण्यात टाका. सहज पसरले तर पाणी बाहेर, थेंब तसाच तरंगला तर तेल बाहेर. सुदान ३ हा तेलात विरघळणारा लाल रंग मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर लाल काय आहे, थेंब की भोवतालची जागा, ते दिसते.

प्रश्न : एचएलबी वापरून ट्वीन-स्पॅनचे प्रमाण कसे काढायचे? पुस्तकात सूत्र आहे, पण बॅच टिकेल याची खात्री त्यातून मिळत नाही. (औषध कारखान्यात नव्याने रुजू झालेला वाचक, तारापूर)

उत्तर : एचएलबी, म्हणजे इमल्सिफायरची पाण्याकडची आणि तेलाकडची ओढ यांचा तोल, ही विल्यम ग्रिफिन यांनी १९४९ मध्ये मांडलेली मोजपट्टी. आकडा लहान तर पदार्थ तेलाकडे झुकणारा, मोठा तर पाण्याकडे. साधारण ३ ते ६ या टप्प्यातले पदार्थ तेल बाहेर ठेवतात, ८ ते १६ मधले पाणी बाहेर. स्पॅन ८० चा आकडा ४.३, ट्वीन ८० चा १५.

समजा, लिक्विड पॅराफिनचे पाणी-बाहेरचे इमल्शन करायचे आहे आणि त्याला लागणारा एचएलबी १२ धरला. ट्वीनचा वाटा काढायला १२ मधून ४.३ वजा करा, ७.७. मग १५ मधून ४.३ वजा करा, १०.७. भागाकार ०.७२. म्हणजे १०० ग्रॅममध्ये एकूण ५ ग्रॅम इमल्सिफायर हवा असेल तर ट्वीन ८० घ्या ३.६ ग्रॅम आणि स्पॅन ८० घ्या १.४ ग्रॅम. स्पॅन तेलात, ट्वीन पाण्यात विरघळवून घ्यायचा. एकाच पदार्थापेक्षा ही जोडी बरी, कारण सीमेवर दोघांचे रेणू एकमेकांच्या फटींत बसतात आणि पडदा घट्ट होतो.

खात्रीचे म्हणाल, तर तुमची शंका रास्त आहे. एचएलबी कोणता इमल्सिफायर घ्यावा हे सांगतो. किती घ्यावा आणि इमल्शन किती दिवस टिकेल, हे तो सांगत नाही. पॅराफिनची प्रत बदलली की लागणारा आकडाही थोडा सरकतो. म्हणून १० ते १३ पर्यंत एकेक आकड्याने चढत छोट्या बॅच करून पाहा आणि सर्वांत उशिरा वेगळी होणारी निवडा.

टिकण्याचा दुसरा आधार स्टोक्सच्या नियमात. थेंबाच्या वर चढण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. पाण्याहून ८ टक्के हलक्या तेलाचा ५ मायक्रॉनचा थेंब साध्या पाण्यात दिवसाला सुमारे ९ सेंटिमीटर चढतो. तोच १ मायक्रॉनचा केला तर जेमतेम ४ मिलिमीटर. होमोजिनायझरवर (थेंब बारीक करणारे यंत्र) खर्च केलेला वेळ असा परत मिळतो. बाहेरचा द्रव दाट केला, उदाहरणार्थ मिथाइल सेल्युलोज घालून, तर वेग आणखी घटतो.

लवकर अंदाज हवा असेल तर सेंट्रिफ्यूज, म्हणजे नमुना गरगर फिरवणारे यंत्र आहे. १० सेंटिमीटर त्रिज्येवर मिनिटाला ३७५० फेऱ्या, ५ तास. हे जवळपास वर्षभराच्या गुरुत्वाकर्षणाएवढे होते. मात्र ही चाचणी फक्त साय धरण्याविषयी, म्हणजे थेंब वर गोळा होण्याविषयी बोलते. तापमान, जंतू, साठवणुकीतले रासायनिक बदल यांची परीक्षा वेगळी घ्यावीच लागते.

प्रश्न : भाजल्यावर आमच्याकडे चुन्याची निवळी आणि खोबरेल तेल फेटून लावत. ते पांढरे, लोण्यासारखे होई. हल्ली बाटलीतले शुद्ध तेल घेतले तर तसे जमत नाही. का? (गृहिणी, रत्नागिरी)

उत्तर : तुम्ही वर्णन केले आहे ते एक जुने, खरेखुरे औषधी इमल्शन आहे. स्कॉटलंडमधल्या कॅरन लोखंड कारखान्यात भाजलेल्या कामगारांसाठी जवसाचे तेल आणि चुन्याची निवळी समभाग फेटून वापरत, त्याला कॅरन ऑइल असेच नाव पडले.

यात इमल्सिफायर बाहेरून घातलेला नसतो, तो फेटतानाच तयार होतो. तेलात थोडी मोकळी मेदाम्ले असतात. निवळीतल्या कॅल्शियमशी त्यांचा संयोग होऊन कॅल्शियमचा साबण बनतो. सोडियमच्या साबणात एका डोक्याला एकच शेपटी, कॅल्शियमच्या साबणात एकाला दोन. दोन शेपट्यांमुळे तो तेलात जास्त रमतो, म्हणून येथे तेल बाहेर आणि पाणी आत. घाण्याच्या किंवा थोड्या जुन्या तेलात मोकळी मेदाम्ले पुरेशी असतात. रिफाइंड तेलातून ती मुद्दाम काढून टाकलेली असतात, मग साबण बनणार कशाचा? औषधी लोशनांत ही उणीव थोडे ओलेइक आम्ल घालून भरून काढतात.

पण भाजलेल्या जागी आज हे लावू नका, हे आम्ही कळकळीने सांगतो. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणजे ती तीव्र अल्कधर्मी असते, मिश्रण निर्जंतुक नसते आणि तेलाच्या थराखाली जखम किती खोल आहे ते डॉक्टरांना दिसत नाही. नळाचे साधे गार पाणी २० मिनिटे सोडणे हाच पहिला उपचार. बर्फ नको, टूथपेस्ट नको. फोड मोठे असतील, किंवा चेहरा, हात भाजला असेल तर थेट दवाखाना.

प्रश्न : मुलाच्या कॉड लिव्हर ऑइलच्या बाटलीत वर दाट पांढरा थर आणि खाली पातळ पाणी दिसते. फेकून द्यायची का? येथे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो. (पालक, चंद्रपूर)

उत्तर : दुधाची उपमा येथे तंतोतंत लागू पडते. दुधावर साय धरली तरी ढवळल्यावर दूध पुन्हा एकसारखे होते. पण घुसळून लोणी निघाले की ते ताकात ढवळून पुन्हा दूध होत नाही. बाटलीतला थर साय असेल तर थेंब अजून वेगवेगळे आहेत, फक्त वर गोळा झाले आहेत. बाटली नीट हलवा आणि अर्धा तास ठेवा. एकसारखी पांढरी राहिली, वास नेहमीचा असला आणि मुदत संपलेली नसली तर वापरायला हरकत नाही. वर पिवळे, चकचकीत, सुटे तेल दिसत असेल किंवा हलवूनही तेलाचे डोळे तरंगत असतील, तर कवच फुटले आहे. ती बाटली टाकून द्या. खवट वास आला तरीही.

साय धरलेले औषध न हलवता देण्यात खरा धोका मात्रेचा. पहिल्या चमच्यांत तेल आणि अ, ड जीवनसत्त्वे जास्त जातात, शेवटच्यांत जवळजवळ नाहीत. ही जीवनसत्त्वे शरीरात साठतात, म्हणून अंदाजाने चमचे वाढवणेही बरे नाही. सोबतच्या मापानेच मोजून द्या, घरातल्या चमच्यात किती मावते याचा भरवसा नसतो.

उन्हाळ्यात बाटली गच्चीलगतच्या खोलीत किंवा स्वयंपाकघरात ठेवू नका. उष्णतेने बाहेरचा द्रव पातळ होतो, थेंब जास्त आदळतात. फ्रिजच्या दारात चालेल, पण बर्फाच्या कप्प्याजवळ कधीच नाही. पाणी गोठले की स्फटिक थेंबांभोवतीचे कवच फाडतात आणि वितळल्यावर तेल सुटे होते.

प्रश्न : आमचा बचत गट इमल्सिफाइंग वॅक्स वापरून कोरफडीचे क्रीम करतो. कधी दाणेदार होते, कधी पाणी सुटते, दोन आठवड्यांत बुरशीही येते. (सातारा)

उत्तर : तीन तक्रारी, तीन कारणे.

दाणे येतात ते तापमानामुळे. वॅक्स आणि तेल एका भांड्यात, पाणी दुसऱ्यात, दोन्ही ७० अंश सेल्सियसला आणा, पाणी दोन-तीन अंश जास्त असले तर उत्तम. गार पाणी गरम तेलात पडले तर वॅक्स जागच्या जागी गोठते आणि कण राहतात. मिसळल्यावर हवा न शिरू देता सावकाश ढवळत निवू द्या, थंड पाण्यात भांडे बुडवून घाई करू नका. सुगंध ४० अंशांखाली आल्यावर. उडून गेलेले पाणी शेवटी वजन करून भरून काढा.

पाणी सुटते त्याला बहुधा सोबतचे घटक जबाबदार. इमल्सिफाइंग वॅक्स म्हणजे ९ भाग सिटोस्टिअरिल अल्कोहोल आणि १ भाग सोडियम लॉरिल सल्फेट. दुसऱ्यावर ऋण भार असतो. तुम्ही जंतुनाशक म्हणून सेट्रिमाइड किंवा क्लोरहेक्सिडिन घालत असाल तर त्यांच्यावर धन भार असतो. दोघे एकमेकांना निकामी करतात, क्रीम फाटते आणि जंतुनाशकही वाया जाते. बोअरचे जड पाणीही वापरू नका, शुद्ध केलेले घ्या. स्टिअरिक आम्ल आणि पोटॅशच्या साबणावर उभ्या असलेल्या व्हॅनिशिंग क्रीममध्ये हा नियम आणखी कडक : पाण्यातले कॅल्शियम किंवा लिंबाचा रस, दोन्हींनी साबण मोडतो.

बुरशी येणारच, कारण ताज्या कोरफडीचा गर म्हणजे जंतूंचे आयते अन्न. परिरक्षक (जंतूंची वाढ रोखणारा पदार्थ) घालणे ऐच्छिक नाही. मिथाइल आणि प्रोपाइल पॅराबेनची जोडी साधारण ०.१८ आणि ०.०२ टक्के वापरतात. किंवा फिनॉक्सिइथेनॉल, कमाल १ टक्का. जंतू पाण्याच्या भागात वाढतात आणि पॅराबेनचा काही वाटा तेलात निघून जातो, तर ट्वीन ८० असेल तर आणखी काही त्याच्याशी बांधला जातो. म्हणून तेल किंवा ट्वीन वाढवले की तेवढाच पॅराबेन पुरेल असे धरू नका, क्रीमची जंतुचाचणी पुन्हा करून घ्या. आणि क्रीम विकत असाल तर सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार उत्पादनाचा परवाना लागतो. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आधी अर्ज करा, विक्री त्यानंतर.